कुलूप उघड, किल्ली गुप्त

मढ आणि वर्सोवा ही मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरची दोन जुनी कोळीगावे. दोहोंच्या मध्ये मालाडची खाडी आहे. जमिनीवरून जायचे म्हटले तर मार्वे-मालाडचा मोठा वळसा पडतो. होडीने मात्र थोड्याच वेळात पलीकडे पोचता येते. समजा, मढच्या एका कोळीणबाईंना वर्सोव्याच्या व्यापाऱ्याला सुक्या बोंबलांचा भाव कळवायचा आहे. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि होडीतून जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती दिली. आता त्यांना तीन काळज्या वाटणार. चिठ्ठी वाटेत दुसऱ्या कोणी वाचली तर? कोणी त्यातला आकडाच बदलला तर? आणि व्यापाऱ्यालाही एक काळजी आहेच: ही चिठ्ठी खरोखर त्याच बाईंची कशावरून?

आज हीच चिठ्ठी भ्रमणध्वनीवरून जाते. पण काळज्या तिन्ही तशाच राहतात; उलट वाढतात. होडीत एकच मध्यस्थ होता. संदेश मात्र अनेक यंत्रांमधून उड्या मारीत जातो आणि त्यांतले प्रत्येक यंत्र त्याची नक्कल करून ठेवू शकते. म्हणून संदेश निघण्यापूर्वीच त्याला कुलूप घालावे लागते. या शास्त्राला कूटलेखनशास्त्र म्हणतात.

विद्यार्थी मित्रहो, हे कुलूप प्रत्येक आज्ञावलीकाराने स्वतः घडवायचे नसते. कुलपे घडवणारे आणि ती फोडून पाहणारे तज्ज्ञ वेगळे असतात. त्यांनी पारखलेल्या रीती तयार आज्ञावलींच्या रूपाने एका संग्रहात ठेवलेल्या असतात. अशा संग्रहाला संगणकाच्या भाषेत 'लायब्ररी' म्हणतात आणि त्यातल्या रीतींना 'अल्गोरिदम'. या संग्रहात काय काय असते, आणि त्याची यादी सर्वांसमोर उघडी का ठेवलेली असते, हे आपण या लेखात पाहू. गुप्ततेचे साधन उघडे ठेवायचे, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. पण त्यामागचे कारण मराठीच्याच इतिहासात सापडते.

महानुभावांच्या लिपी

तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ स्थापन केला. त्यांच्या आठवणींचा म्हाइंभटांनी सिद्ध केलेला 'लीळाचरित्र' हा ग्रंथ म्हणजे आद्य मराठी गद्याचा अमोल ठेवा. आपले पवित्र ग्रंथ पंथाबाहेर जाऊ नयेत म्हणून पुढे महानुभावांनी ते सांकेतिक लिपींमध्ये लिहून ठेवण्यास सुरुवात केली. सकळ, सुंदरी, अंक, वज्र अशी या लिपींची नावे आहेत. त्यांतली सकळ लिपी सर्वांत अधिक वापरली गेली.

या लिपींचे मूळ तत्त्व सोपे आहे. एका अक्षराच्या जागी ठरवलेले दुसरे अक्षर किंवा खूण लिहायची. 'क'ऐवजी काय, 'म'ऐवजी काय, हा तक्ता ज्याला ठाऊक, त्याला पोथी वाचता येते. इतरांना ती अर्थहीन अक्षरांची रांग दिसते. परिणाम असा झाला की मराठीतले हे सुंदर गद्य कित्येक शतके बाहेरच्या वाचकाला अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडून दाखवली आणि मग अभ्यासकांसाठी तो सगळा खजिना खुला झाला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लिपीची रीत कळताच त्या लिपीतली एकच नव्हे, तर प्रत्येक पोथी वाचता येऊ लागली. कारण या पद्धतीत रीत हेच गुपित होते. कुलूप आणि किल्ली वेगळी नव्हती.

नेमका हाच धोका ओळखून ऑगस्ट केर्कहोफ्स या विद्वानाने १८८३ साली एक नियम सांगितला. कूटलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी नुकसान होता कामा नये, असा तो नियम होय. गुपित असावे ते फक्त किल्लीत. किल्ली उघडी पडली तर ती एक बदलता येते. पद्धतच गुपित असेल तर ती उघडी पडताच सर्व काही गमावते. शिवाय पद्धत जाहीर असली की जगभरचे गणिती तिच्यावर घाव घालून पाहतात, आणि जी रीत वर्षानुवर्षे असे घाव सोसून टिकते तिच्यावर विश्वास ठेवता येतो. कूटलेखनाच्या संग्रहाची यादी उघडी असते ती यामुळे.

सोऱ्या आणि त्याच्या चकत्या

दिवाळीत घरी सोऱ्या बाहेर निघतो. चकली करायची तर चांदणीच्या आकाराच्या भोकाची चकती बसवतात; शेव करायची तर बारीक भोकांची. दांडा तोच, नळी तीच, हाताने द्यायचा जोरही तसाच. बदलते ती फक्त चकती. नवी चकती कोठूनही आणा, ती नळीच्या मापाची असली म्हणजे झाले.

कूटलेखनाचा चांगला संग्रह असाच रचलेला असतो. आज्ञावलीकार त्याला एवढेच सांगतो: 'या नावाची रीत दे, ही किल्ली घे, हा मजकूर घे, आणि कूटमजकूर परत कर.' आतली रीत कोणती आहे, ती कोणी लिहिली, ती कशी चालते, याच्याशी त्याच्या आज्ञावलीला कर्तव्य नसते. उद्या रीत बदलावी लागली तर नाव बदलायचे; बाकीची आज्ञावली आहे तशीच राहते. जावा या संगणकभाषेत अशा रीती पुरवणाऱ्या घटकाला 'प्रोव्हायडर', म्हणजे पुरवठादार, म्हणतात. ओपनएसएसएल या प्रसिद्ध संग्रहाने २०२१ साली आलेल्या आपल्या तिसऱ्या आवृत्तीपासून हीच व्यवस्था स्वीकारली.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात २००२ सालापासून असा संग्रह आहे. त्यात कोणत्या रीती उपलब्ध आहेत हे विचारले की संगणक एक यादी दाखवतो. यादीतल्या प्रत्येक नोंदीत रीतीचे नाव, ती चालवणाऱ्या आज्ञावलीचे नाव, रीतीचा प्रकार, अग्रक्रम आणि काही मापे असतात. उदाहरणार्थ, 'एईएस' या रीतीपुढे लिहिलेले असते: खंडाची लांबी १६ बाइट, किल्लीची किमान लांबी १६ बाइट, कमाल ३२ बाइट. एकाच रीतीच्या दोन-तीन नोंदीही असू शकतात. एक नोंद कोणत्याही संगणकावर चालणारी, तर दुसरी विशिष्ट प्रक्रियकातल्या खास सोयींचा उपयोग करून अधिक वेगाने चालणारी. दोघींचे उत्तर अक्षरशः एकच येते. अशा वेळी ज्या नोंदीचा अग्रक्रम मोठा, ती निवडली जाते.

आता या पेटीतले एकेक खण उघडून पाहू.

पहिला खण: एकाच किल्लीच्या रीती

पहिली काळजी होती दुसऱ्या कोणी वाचण्याची. तिच्यावरचा उपाय म्हणजे मजकुराचे कूटमजकुरात रूपांतर करणे. या खणातल्या रीतींमध्ये बंद करण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच असते.

यांतली जुनी रीत म्हणजे 'डीईएस'. अमेरिकेने १९७७ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे शून्य आणि एक या अंकांच्या ५६ घरांची. प्रत्येक घरात दोन शक्यता, म्हणून एकूण किल्ल्या २ चा ५६ वा घात, म्हणजे सुमारे ७.२ × १०^१६. ही संख्या प्रचंड वाटते. पण १९९८ साली एका अमेरिकी संस्थेने केवळ याच कामासाठी बांधलेल्या यंत्राने एकामागून एक किल्ल्या लावून पाहत ५६ तासांत योग्य किल्ली शोधून काढली. रीतीत मोठी चूक सापडली नव्हती. किल्ली आखूड पडली होती.

हे होणार याची कल्पना असल्यामुळे १९९७ सालीच नव्या रीतीसाठी जाहीर स्पर्धा पुकारण्यात आली होती. जगभरातून आलेल्या १५ रीती स्पर्धेत उतरल्या. स्पर्धकांनी एकमेकांच्या रीती फोडून पाहिल्या. शेवटी योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांची रीत निवडली गेली आणि २००१ साली ती 'एईएस' या नावाने प्रमाण झाली.

एईएस मजकुराचे १६-१६ बाइटांचे खंड करते. हे १६ बाइट ती ४ × ४ च्या चौकोनात मांडते आणि फेऱ्या सुरू करते. प्रत्येक फेरीत चार कामे होतात: तक्त्याप्रमाणे प्रत्येक बाइट बदलणे, आडव्या ओळी सरकवणे, उभे स्तंभ एकमेकांत मिसळणे आणि शेवटी किल्लीचा अंश मिळवणे. शेवटच्या फेरीत तेवढे स्तंभ मिसळत नाहीत. किल्ली १२८ बिटांची असेल तर १० फेऱ्या, १९२ ची असेल तर १२ आणि २५६ ची असेल तर १४. पहिले काम पाहिलेत? अक्षराच्या जागी दुसरे अक्षर ठेवण्याची सकळ लिपीची युक्ती येथेही आहे. पण एकटी नाही, आणि तिच्या जोडीला किल्ली आहे.

मराठी मजकुराचे खंड कसे पडतात ते पाहणे मजेचे आहे. संगणकात रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'मढ' या शब्दाला ६ बाइट लागतात. उरलेले १० बाइट भरतीचे घालून खंड पुरा करावा लागतो. 'वर्सोवा' मध्ये मात्र व, र, हलन्ताची खूण, स, ओकाराची मात्रा, व आणि काना अशी ७ चिन्हे आहेत. त्यांचे बाइट २१, म्हणून दोन खंड लागतात.

किल्लीची लांबी वाढवल्याने काय साधते याचा हिशोब करा. एखादे यंत्र सेकंदाला एक लाख कोटी, म्हणजे १०^१२, किल्ल्या तपासते असे माना. डीईएसच्या सर्व किल्ल्या ते सुमारे ७२ हजार सेकंदांत, म्हणजे २० तासांत, तपासून टाकील. एईएसच्या १२८ बिटांच्या किल्ल्या आहेत सुमारे ३.४ × १०^३८. त्या सगळ्या तपासायला त्याच यंत्राला सुमारे १०^१९ वर्षे लागतील. विश्वाचे वय आहे अवघे १.३८ × १०^१० वर्षे!

याच खणात 'चाचा-२०' ही डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००८ साली मांडलेली रीतही असते. ज्या लहान यंत्रांत एईएससाठी खास सोय नसते, तेथे ती वेगाने चालते.

खंड एकमेकांना कसे जोडावेत?

येथे एक सूक्ष्म अडचण आहे. प्रत्येक खंड त्याच किल्लीने स्वतंत्रपणे बंद केला तर सारख्या खंडाचा कूटखंडही नेहमी सारखाच येतो. मढहून रोज पहिल्या खंडात भाव जात असेल, आणि सोमवार व मंगळवारचे कूटखंड एकच दिसले, तर चोराला कुलूप न फोडताच कळते की भाव बदललेला नाही. या भाबड्या जोडणीला 'ईसीबी' म्हणतात. संग्रहात ती असते. पण सुट्या मजकुरासाठी ती वापरू नये.

'सीबीसी' या जोडणीत आधीचा कूटखंड पुढच्या खंडात मिसळून मग तो बंद करतात, म्हणजे साखळी तयार होते. 'जीसीएम' या जोडणीत दर खंडाला वेगळा क्रमांक देऊन त्यापासून झाकण तयार करतात, आणि शेवटी एक पडताळणीचा अंशही जोडतात. वाटेत कोणी एक बिट जरी बदलला तरी तो अंश जुळत नाही. अट एकच: एका किल्लीबरोबर आरंभीचा अंक पुन्हा कधीही वापरायचा नाही. ही अट मोडली तर उत्तम कुलूपही निकामी होते. म्हणूनच यादीत नुसते 'एईएस' मागत नाहीत. रीत आणि जोडणी या दोहोंची नावे मिळून मागणी करतात.

दुसरा खण: मजकुराचा ठसा

दुसरी काळजी होती आकडा बदलण्याची. त्यासाठी मजकुराचा ठसा घेतात. या रीतींना 'हॅश' म्हणतात. मजकूर एका शब्दाचा असो की हजार पानांचा, ठशाची लांबी ठरलेली असते. 'शा-२५६' या रीतीचा ठसा नेहमी २५६ बिटांचा. मजकुरात एक काना जरी बदलला तरी ठसा पूर्णपणे वेगळा होतो. आणि ठशावरून मूळ मजकूर परत मिळवता येत नाही.

दोन वेगळ्या मजकुरांचे ठसे एकच आले तर ही रीत कुचकामी ठरते. 'एमडी-५' या रीतीचे असेच झाले. २००४ साली चिनी गणिती श्यावयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच ठसा देणाऱ्या मजकुरांच्या जोड्या दाखवून दिल्या. 'शा-१' ही रीत १९९५ पासून सर्वत्र होती. २०१७ साली तिचाही एकच ठसा असलेले दोन वेगळे दस्तऐवज जगापुढे आले. आज 'शा-२५६' चा कुलवृंद आणि २०१५ साली प्रमाण झालेली 'शा-३' या रीती विश्वासार्ह मानल्या जातात. या दोघी अगदी वेगळ्या तत्त्वांवर बांधलेल्या आहेत, त्यामुळे एक पडली तरी दुसरी उभी राहण्याची आशा असते.

पण चोराने मजकूर बदलला आणि ठसाही नवा करून लावला तर? म्हणून ठसा घेताना त्यात गुप्त किल्ली मिसळतात. या रीतीला 'एचमॅक' म्हणतात. किल्ली नसलेल्याला असा ठसा करता येत नाही.

तिसरा खण: दोन किल्ल्यांच्या रीती

आता सर्वांत चमत्कारिक प्रश्न उरतो. मढच्या बाई आणि वर्सोव्याचे व्यापारी कधी भेटलेच नसतील, तर दोघांनाच ठाऊक असलेली किल्ली त्यांच्याकडे येणार कोठून? ती होडीने पाठवली तर वाटेत तिचीच नक्कल होईल.

१९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी, आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शामिर व ॲडलमन यांनी या कोड्याची उत्तरे शोधली. दुसऱ्या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या रीतीला 'आरएसए' म्हणतात. हिच्यात किल्ल्या दोन. एक जाहीर करायची. तिने कोणीही बंद करू शकतो. दुसरी फक्त स्वतःजवळ ठेवायची. उघडते ती हीच.

लहान संख्या घेऊन पाहू. व्यापाऱ्याने ५ आणि ११ या दोन मूळ संख्या निवडल्या. त्यांचा गुणाकार ५५. दोहोंतून एकेक वजा करून केलेला गुणाकार ४ × १० = ४०. आता अशा दोन संख्या हव्यात की त्यांच्या गुणाकाराला ४० ने भागले असता बाकी १ उरावी. ३ आणि २७ चालतील, कारण ३ × २७ = ८१. व्यापारी ५५ आणि ३ या संख्या जाहीर करतो. २७ स्वतःजवळ ठेवतो.

बाईंना ९ हा अंक पाठवायचा आहे. त्या ९ चा घन करतात: ७२९. त्याला ५५ ने भागल्यावर बाकी उरते १४. त्या १४ पाठवतात. व्यापारी १४ चा २७ वा घात करून ५५ ने भागतो. उरलेली बाकी किती? ९! आकडे मोठे होऊ नयेत म्हणून दर गुणाकारानंतर ५५ ने भागून फक्त बाकी पुढे न्या. १४ चा वर्ग १९६, बाकी ३१; ३१ चा वर्ग ९६१, बाकी २६; अशा रीतीने चौथा, आठवा आणि सोळावा घात मिळवून शेवटी १६ + ८ + २ + १ = २७ अशी जुळणी करा.

५५ चे अवयव कोणीही सांगेल. पण प्रत्यक्षात वापरायची संख्या २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकांची असते. तिचे अवयव पाडण्याची वेगवान रीत आजच्या संगणकांना ठाऊक नाही. लंबगोल वक्रांच्या गणितावर आधारलेली दुसरी एक रीत १९८५ साली नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनी स्वतंत्रपणे सुचवली. तिची २५६ बिटांची किल्ली आरएसएच्या ३०७२ बिटांच्या किल्लीइतकी बळकट मानतात.

हीच युक्ती उलटी वापरली की तिसरी काळजीही मिटते. बाई मजकुराच्या ठशावर आपल्या गुप्त किल्लीची क्रिया करतात आणि व्यापारी त्यांच्या जाहीर किल्लीने ती पडताळतो. ही झाली अंकीय सही.

टेंभलीपासून सुरू झालेला क्रमांक

हे सर्व खण एकत्र कसे काम करतात याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी देशातला पहिला आधार क्रमांक देण्यात आला. आज आधार पडताळणीसाठी बोटाचा ठसा घेतला की यंत्र त्या वेळेपुरती एईएसची २५६ बिटांची नवी किल्ली तयार करते आणि माहिती तिने बंद करते. मग ती किल्लीच आधार प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या जाहीर आरएसए किल्लीने बंद करून बरोबर पाठवते. माहितीचा शा-२५६ ठसाही घेतला जातो आणि सगळ्या मागणीवर अंकीय सही होते.

तुम्ही विचाराल, सगळी माहिती आरएसएनेच का बंद करत नाहीत? कारण आरएसए संथ आहे आणि थोडाच मजकूर घेते. एईएस वेगवान आहे, पण तिची किल्ली आधी पोचवावी लागते. म्हणून मोठे काम एईएसकडे आणि किल्ली पोचवण्याचे आरएसएकडे, अशी वाटणी करतात. बरोबर आणखी एक छोटी नोंद जाते: जी जाहीर किल्ली वापरली, तिच्या प्रमाणपत्राची मुदत कोणत्या तारखेला संपते ती तारीख. किल्ली पुढेमागे बदलली तरी कोणते पाकीट कोणत्या किल्लीने उघडायचे हे त्यामुळे कळते.

बोटाचा ठसा ही काही संकेतशब्दासारखी बदलता येणारी गोष्ट नव्हे. तो एकदा चोरीला गेला की गेलाच. म्हणून त्याच्यावरचे कुलूप तरी बदलता येणारे असले पाहिजे.

यादीतली जुनी नावे

रीती बदलता येण्याची सोय चांगली खरी, पण तिच्यात एक सापळाही आहे. दोन संगणक बोलू लागतात तेव्हा कोणती रीत वापरायची हे आधी आपसांत ठरवतात. यादीत एखादी जुनी, दुबळी रीत विसरून राहिली असेल, तर मध्ये बसलेला चोर दोघांना तीच वापरायला लावू शकतो. २०१५ साली 'फ्रीक' या नावाने उघडकीस आलेला दोष नेमका असाच होता. १९९० च्या दशकात अमेरिकेबाहेर पाठवायच्या आज्ञावलींमध्ये कायद्याने मुद्दाम दुबळ्या, ५१२ बिटांच्या, आरएसए किल्ल्या ठेवल्या जात. कायदा गेला, पण कित्येक संगणकांच्या यादीतून ते नाव गेले नव्हते.

म्हणून यादीत नवे नाव घालण्याइतकेच जुने नाव काढणे महत्त्वाचे. ओपनएसएसएलने डीईएससारख्या जुन्या रीती 'लेगसी' नावाच्या वेगळ्या खणात टाकल्या आहेत. मुद्दाम मागितल्याशिवाय तो खण उघडत नाही. तो पूर्ण फेकून का दिला नाही? कारण जुन्या रीतीने बंद केलेले जुने कागद कधी तरी वाचावे लागतातच. महाजालावरच्या संदेशांचे नियम ठरवणाऱ्या 'टीएलएस' च्या २०१८ च्या आवृत्तीत तर शेकडो जोड्या बाजूला सारून फक्त पाच ठेवण्यात आल्या.

उद्याचे कुलूप

पीटर शोर यांनी १९९४ साली दाखवून दिले की पुरेसा मोठा पुंज संगणक बांधता आला, तर तो मोठ्या संख्यांचे अवयव झटपट पाडील. म्हणजे आरएसए आणि लंबगोल वक्रांच्या रीती, दोन्ही मोडतील. तो संगणक अजून बांधला गेलेला नाही. पण आज जाणारे संदेश कोणी साठवून ठेवले, तर तो तयार झाल्यावर ते उघडता येतील. म्हणून थांबून चालत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने पुंज संगणकालाही न फुटतील अशा अपेक्षेने निवडलेल्या तीन रीती प्रमाण म्हणून जाहीर केल्या: 'एमएल-केम' किल्ली पोचवण्यासाठी, 'एमएल-डीएसए' व 'एसएलएच-डीएसए' सहीसाठी. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएसएसएलच्या यादीत ही तिन्ही नावे दाखल झाली. ज्यांनी आपल्या आज्ञावली सोऱ्यासारख्या रचल्या आहेत, त्यांना चकती बदलणे सोपे जाईल. ज्यांनी रीत आज्ञावलीच्या अंगातच विणून टाकली आहे, त्यांना सगळे वस्त्र उसवावे लागेल.

महानुभावांच्या पोथ्यांनी आपल्याला दोन गोष्टी शिकवल्या. रीत हेच गुपित असेल तर ती एकदा कळताच सर्व कुलपे एकदम उघडतात. आणि रीत कळली नाही, तर पुढच्या पिढ्यांनाही आपलाच ठेवा वाचता येत नाही. म्हणून आज कूटमजकुराबरोबर तो कोणत्या रीतीने बंद केला हे उघडपणे लिहिलेले असते. प्रमाणपत्रावर '१.२.८४०.११३५४९.१.१.११' असा क्रमांक दिसला, तर जगातला कोणताही संगणक ओळखतो की येथे शा-२५६ चा ठसा आणि आरएसएची सही आहे. हे चोरालाही कळते, आणि कळू द्यावे. त्याच्याजवळ किल्ली नाही, एवढे पुरे.

करून पाहा

१. वर दिलेल्या ५५ आणि ३ या जाहीर संख्या वापरून ७ हा अंक बंद करा. उत्तर १३ यायला हवे. मग २७ ही गुप्त संख्या वापरून ते उघडा आणि ७ परत मिळतो का ते पाहा.

२. ३ व ११ या मूळ संख्या घेऊन स्वतःच्या दोन किल्ल्या तयार करा. जाहीर किल्ली वर्गाच्या फळ्यावर लिहा आणि मित्रांना तुम्हाला एकेक अंक पाठवू द्या. तुमची जाहीर संख्या पाहून गुप्त संख्या कोण आधी शोधतो याची स्पर्धा लावा. ती किती लवकर सापडते हे पाहिलेत म्हणजे प्रत्यक्षात ६१७ अंक का लागतात ते पटेल.

३. एका उताऱ्यातल्या प्रत्येक अक्षराच्या जागी ठरवलेली खूण लिहून तो मित्राला द्या. तक्ता देऊ नका. कोणती खूण किती वेळा आली हे मोजून त्याला उतारा उलगडता येतो का पाहा. उतारा जितका लांब, तितके त्याचे काम सोपे होईल. का, याचा विचार करा.